नशिबाला दोष देऊ नका, जबाब वाचून सही करा

आटगाव ज्यांनी फक्त गाडीच्या खिडकीतून पाहिले आहे त्यांच्यासाठी थोडे सांगते. कल्याणहून कसाऱ्याकडे निघालेली लोकल टिटवाळा, खडवली, वाशिंद, आसनगाव करत आटगावला येते आणि पुढे खर्डीवरून कसाऱ्याला जाते. कल्याणच्या पुढे गाड्या मोजक्याच. त्यातही मागून एक्स्प्रेस आली की लोकल बाजूला उभी. तिसऱ्या मार्गाचे काम वर्षानुवर्षे रखडलेले. सकाळची एक गाडी चुकली की गोडाऊनमधला, कंपनीतला, नाक्यावरचा दिवसाचा खाडा. मुरबाडकडच्या माणसाला तर रेल्वेच नाही, त्याला आधी टिटवाळा किंवा कल्याण गाठावे लागते. आमच्या तालुक्यातल्या तानसा आणि भातसा धरणांचे पाणी मुंबईला जाते, आणि आमची माणसेही तिकडेच जातात. पाण्याला स्वतंत्र पाइप आहे. माणसाला दारातला दांडा आहे.

या दांड्यावरून हात सुटतो तेव्हा काय होते, आणि मुख्य म्हणजे त्यानंतर आपण काय करतो, यावर हा लेख आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतला एक मुलगा संध्याकाळच्या गाडीतून पडला. भिवंडीच्या गोडाऊनमध्ये माल चढवण्या-उतरवण्याचे काम करायचा. दारात उभा होता, गर्दीचा रेटा आला आणि तो खाली गेला. जीव वाचला, एक पाय गुडघ्याखाली गेला. एका सरकारी रुग्णालयातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी त्याची रात्र गेली. पहाटे कधीतरी एक पोलीस आला, त्याने कागद लिहिला आणि आईला म्हणाला, इथे सही करा. आईने केली.

आम्ही कार्यकर्त्यांनी काय केले? वर्गणी काढली. फळे घेऊन गेलो. ग्रुपवर फोटो टाकला. स्टेशनवर निवेदन दिले, त्याचाही फोटो टाकला. आणि पुढच्या कार्यक्रमाला लागलो. यात मीही होते. समाजशास्त्रात एम.ए. केलेली, वस्तीत वाचनालय चालवणारी, संविधानावर व्याख्याने देणारी मी! त्या मुलाच्या जबाबात काय लिहिले आहे हे विचारायचे मला सुचले नाही.

चौदा महिन्यांनी नुकसानभरपाईसाठी त्याला वकिलाकडे घेऊन गेले तेव्हा वकिलांनी दोनच प्रश्न विचारले. अपघात कोणत्या तारखेला झाला? आणि पोलिसांच्या कागदावर काय लिहिले आहे? तारखेला वर्ष उलटून गेले होते. कागदावर लिहिले होते, "रूळ ओलांडताना गाडीची धडक बसून जखमी." पाकिटातला पास कुठे गेला ते कोणालाच माहीत नव्हते. मी त्याच्या आईकडे पाहिले. ती म्हणाली, "ताई, नशिबातच होतं त्याच्या. पोलीस म्हनला सही कर, मी केली. तुमी कुणी नव्हता ना तितं."

या शेवटच्या वाक्याला माझ्याकडे आजही उत्तर नाही. विलंब माफ करण्याच्या विनंतीसह अर्ज केला आहे, तो चालू आहे. पण माणूस गाडीतून पडला की रूळ ओलांडत होता, एवढ्या एका ओळीने तो प्रवासी ठरतो किंवा घुसखोर ठरतो. प्रवासी असेल तर हक्कदार. घुसखोर असेल तर उलट गुन्हेगार. ही ओळ पहिल्या चोवीस तासांत लिहिली जाते, आणि ती लिहिली जाताना आपल्यापैकी कोणीही तिथे नसते. माझे म्हणणे एवढेच आहे की आंबेडकरी कार्यकर्त्याने त्या वेळी तिथे असले पाहिजे.

९ जून २०२५ची सकाळ आठवा. दिवा आणि मुंब्रा यांच्यामध्ये वळणावर दोन लोकल एकमेकींना ओलांडत असताना दारातली माणसे खाली पडली. त्यातली एक गाडी आपल्या कसाऱ्याकडे येणारी होती. चार जणांचा त्याच दिवशी मृत्यू झाला, अनेक जण जखमी झाले. आणि टीव्हीवर दिवसभर चर्चा कशाची झाली? पायदानावर लटकण्याची आणि पाठीवरच्या बॅगांची. लोक लटकतातच कशाला, असा सवाल एसी स्टुडिओत बसून विचारला गेला. जणू काही ही माणसे वारा खायला दारात उभी राहतात!

मुंबईच्या लोकल मार्गांवरच्या मृत्यूंबाबत उच्च न्यायालयात २०२४ साली जनहित याचिका सुनावणीला आली, तेव्हा त्यात २०२३ या एका वर्षातल्या २,५९० मृत्यूंचा आकडा मांडला गेला होता. म्हणजे रोज सात. रोज सात माणसे बेपर्वा असतात का? रोज सात माणसे मरत असतील तर तो अपघात राहत नाही, ती पद्धत होते. समाजशास्त्राच्या पहिल्याच वर्षाला शिकवतात की एकाचे दुःख ही त्याची अडचण असते, पण तेच दुःख हजारोंच्या वाट्याला एकाच जागी, एकाच वेळेला येत असेल तर त्याचे कारण रचनेत शोधावे लागते.

घाटकोपरला २०१४ साली एक तरुणी गाडी आणि फलाट यांच्यामधल्या पोकळीत पडली आणि तिचे दोन्ही हात गेले. त्यानंतर मामला उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि फलाटांची उंची वाढवण्याच्या कामाला वेग आला. म्हणजे दोष फलाटाचा होता. तोपर्यंत पडलेल्या शेकडो लोकांना मात्र सांगितले गेले की तुम्ही नीट चढला नाहीत.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण आपली ताकद तिथे आहे आणि आपल्यालाच ती माहीत नाही.

रेल्वे अधिनियम १९८९ मध्ये कलम १२४-अ आहे. १९९४ साली दुरुस्ती करून ते घातले गेले. प्रवासी चालत्या गाडीतून अपघाताने पडला तर रेल्वेची चूक असो वा नसो, रेल्वेने नुकसानभरपाई दिली पाहिजे, असे ते सांगते. पुन्हा वाचा. चूक असो वा नसो. आपल्याला रेल्वेचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही. अपवाद मोजके आहेत: आत्महत्या किंवा तिचा प्रयत्न, स्वतःला मुद्दाम केलेली इजा, स्वतःचे गुन्हेगारी कृत्य, नशेत किंवा वेडाच्या भरात केलेले कृत्य, आणि आजारपण किंवा नैसर्गिक कारण. दारात उभे राहणे या यादीत नाही.

रेल्वेचे वकील तरीही म्हणतात की दारात उभा होता, म्हणून स्वतःच जबाबदार. त्याला सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिलेले आहे. २००८च्या प्रभाकरन विजयकुमार प्रकरणात न्यायालयाने सांगितले की गाडीत चढताना पडणे हेही यात येते आणि हा कायदा लोककल्याणाचा असल्यामुळे त्याचा अर्थ उदारपणे लावला पाहिजे. २०१०च्या जमीला प्रकरणात सांगितले की दारात उभे राहणे निष्काळजीपणाचे असेल, पण ते गुन्हेगारी कृत्य नव्हे. २०१८च्या रीना देवी प्रकरणात सांगितले की अंगावर तिकीट सापडले नाही एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही, दावेदाराने शपथपत्रावर हकीकत मांडली की ती खोडून काढण्याची जबाबदारी रेल्वेवर येते, आणि प्रवाशाचा नुसता निष्काळजीपणा म्हणजे स्वतःला करून घेतलेली इजा नव्हे. ही तीन नावे पाठ करा. जयंतीला डीजेवर वाजणारी गाणी आपल्याला पाठ असतात, मग ही तीन नावे पाठ व्हायला काय हरकत आहे?

१ जानेवारी २०१७ पासून मृत्यूसाठी आणि दोन्ही हात जाणे, दृष्टी जाणे अशा जखमांसाठी ८ लाख रुपये ठरलेले आहेत. इतर जखमांचे दर ठरलेल्या तक्त्याप्रमाणे. दावा रेल्वे दावे न्यायाधिकरणात करायचा, आपल्याकडे मुंबई खंडपीठात. मुदत अपघातापासून एक वर्ष. सबळ कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबू नका. मोठा अपघात झाला की मंत्री जी रक्कम टीव्हीवर जाहीर करतात ते सानुग्रह अनुदान. ते मिळाले म्हणजे भरपाई मिळाली असे नाही. सानुग्रह ही सरकारची मर्जी आहे, १२४-अ हा हक्क आहे. मर्जी आणि हक्क यांतला फरक ज्याला कळत नाही त्याने चवदार तळ्याचा सत्याग्रह पुन्हा वाचावा.

आता प्रत्यक्ष काम. हे मोबाईलमध्ये जपून ठेवा.

पहिला तास जिवाचा. १०८ला फोन करा, १३९ या रेल्वे हेल्पलाइनला करा, लोहमार्ग पोलिसांच्या १५१२ला करा. त्या रुळावर गाडी येण्याचा धोका असेल तर जखमीला आधी बाजूला घ्या, पण मान आणि पाठ सरळ ठेवून, दोघा-तिघांनी मिळून. रक्त वाहते त्या जागी स्वच्छ कापड दाबून धरा, दर मिनिटाला उघडून पाहू नका. अवयव तुटला असेल आणि दाबूनही रक्त थांबत नसेल तर जखमेच्या वर रुंद पट्टी घट्ट बांधा आणि बांधल्याची वेळ लिहून ठेवा. तुटलेला भाग ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फात ठेवा, बर्फ थेट लावू नका. पाणी, चहा काही पाजू नका, शस्त्रक्रिया लागू शकते.

रुग्णालयाने "आधी पोलीस केस करा" किंवा "इथे जागा नाही" म्हटले तर दोन गोष्टी माहीत असू द्या. १९८९च्या परमानंद कटारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की जीव वाचवणे आधी, पोलिसी सोपस्कार नंतर. दुसरी गोष्ट पश्चिम बंगालची. १९९२ साली हकीम शेख नावाचा शेतमजूर गाडीतून पडला. डोक्याला मार लागला होता. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही म्हणून त्याला परत पाठवले, शेवटी खासगी रुग्णालयात पदरचे पैसे घालावे लागले. तो ज्या शेतमजूर संघटनेचा सभासद होता ती संघटना त्याला फळे देऊन थांबली नाही. ती सर्वोच्च न्यायालयात गेली. १९९६ साली निकाल लागला: सरकारी रुग्णालयाने तातडीचे उपचार नाकारणे म्हणजे अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भंग, आणि पैसे नाहीत ही सबब राज्याला सांगता येणार नाही. शेतमजुरांच्या एका संघटनेने सगळ्या देशासाठी मिळवलेला हा निकाल आहे. आपल्या संघटनांची नावे याहून लांबलचक आहेत. आपल्या नावावर असा एक तरी निकाल आहे का?

उपचाराचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतो का हे दाखल करतानाच विचारा. योजनेतल्या रुग्णालयांतच ती चालते, त्यामुळे खासगीत हलवण्याआधी १५५३८८ वर चौकशी करा. रेशनकार्ड आणि आधार घेऊन एकाने घरून निघायचे, दुसऱ्याने जखमीबरोबर थांबायचे.

मग कागद. हाच खरा लढा.

एक, स्टेशन मास्तरचा मेमो. अपघाताची पहिली नोंद बहुतेक वेळा तिथे होते. त्याची वेळ, गाडी आणि शब्द पाहा. दोन, लोहमार्ग पोलिसांकडे जबाब. आपल्या पट्ट्यासाठी कल्याण लोहमार्ग पोलीस. लोहमार्ग पोलीस राज्याचे आणि रेल्वे सुरक्षा दल केंद्राचे, दोघांत गोंधळू नका. जबाब मराठीत लिहून घ्या, मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. "चालत्या गाडीतून पडून" हे शब्द, गाडीची वेळ, कुठून कुठे चाललो होतो, गर्दी किती होती, हे सगळे त्यात आले पाहिजे. कोऱ्या कागदावर सही नाही. जखमी शुद्धीवर नसेल तर घरच्यांवर दबाव आणून, त्यांनी न पाहिलेली हकीकत त्यांच्या तोंडी घालू देऊ नका. "मी तिथे नव्हतो, शुद्धीवर आल्यावर तो स्वतः सांगेल" एवढेच सांगायचे. तीन, रुग्णालयातली एमएलसी नोंद. डॉक्टर कारण विचारतात तेव्हा घाबरून "ट्रेन लागली" म्हणू नका, "ट्रेनमधून पडला" म्हणा. दोन शब्दांचा फरक आहे, पण दावा त्यावर उभा राहतो किंवा पडतो. चार, तिकीट किंवा पास. मोबाईलवर काढलेले असेल तर लगेच स्क्रीनशॉट. पाकीट पोलिसांनी घेतले असेल तर पंचनाम्यात त्याची नोंद झाली का ते पाहा. पाच, साक्षीदार. बरोबरच्या दोघांची नावे, फोन. सहा, सीसीटीव्ही. चित्रण ठरावीक दिवसांनी पुसले जाते, म्हणून ते जपून ठेवण्याचा लेखी अर्ज पहिल्याच आठवड्यात द्या आणि पोच घ्या. सात, २००३च्या नियमांनुसार रेल्वे सुरक्षा दल अशा घटनेची चौकशी करते, तिचा अहवाल पुढे दाव्यात येतो. तो आपल्याविरुद्ध लिहिला जात असेल तर आपली बाजू त्याच वेळी लेखी द्या.

एक गोष्ट कडवटपणे सांगते. माणूस खरोखरच रूळ ओलांडत असेल, किंवा खरोखरच तिकीट काढलेले नसेल, तर खोटा कागद बनवू नका. आपण पंचशील घेतो, त्यात चौथे शील खोटे न बोलण्याचे आहे. शिवाय एक खोटा दावा उघडा पडला की पुढच्या दहा खऱ्या माणसांकडे न्यायाधिकरण संशयाने पाहते. बिहारमध्ये मृत्यूच्या दाव्यांचे पैसे वकील आणि दलालांनी वारसांच्या खात्यांतून लाटल्याच्या आरोपांचे प्रकरण ईडीपर्यंत गेले आहे. तेव्हा रुग्णालयाच्या दारात "काम करून देतो, निम्मे माझे" म्हणणारा भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. पासबुक, एटीएम कार्ड, सही केलेला कोरा चेक कोणाच्या हातात देऊ नका.

वकिलाला पैसे नाहीत? विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२. अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, स्त्री, मूल, अपंग व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांना १९९०च्या दुरुस्तीने अनुसूचित जातीचा दर्जा आहे, त्यामुळे जातीचा दाखला असेल तर आपणही त्यात आलो. शहापूर आणि मुरबाडच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज द्या किंवा १५१०० वर फोन करा. किती कार्यकर्त्यांनी आजवर त्या खोलीचा दरवाजा पाहिला आहे?

काही तरुण मित्र म्हणतील, ताई, हे कारकुनी काम झाले, यात आंदोलन कुठे आहे? त्यांना मी मनमाडला घेऊन जाते. कसाऱ्याचा घाट चढून हीच लाइन पुढे मनमाडला जाते. तिथे फेब्रुवारी १९३८ मध्ये जीआयपी रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मण्य आणि भांडवलशाही. हे वाक्य आपण सगळेच भाषणात वापरतो. पण त्याच भाषणात त्यांनी बारीकसारीक तपशील मांडला होता: अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून राबतो आणि गँगमन म्हणूनच संपतो, त्याला पोर्टर का करत नाहीत, तर पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरची कामे करावी लागतात आणि तिथे विटाळ आडवा येतो. घोषणेच्या मागे नोकरीच्या नोंदींचा एवढा अभ्यास होता. पुढे १९४२ ते ४६ मजूरमंत्री असताना त्यांनी कामगाराच्या विम्याची पायाभरणी केली तीही कलमे लिहूनच. कागदाला कमी लेखणारा कार्यकर्ता बाबासाहेबांचे नाव घेऊ शकतो, त्यांचे काम पुढे नेऊ शकत नाही.

आणि नशीब. त्या आईने नशीब म्हटले तेव्हा मी तिला उपदेश केला नाही, करू नये. पण आपण आपापसात बोलले पाहिजे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी मागच्या जन्माच्या कर्माचा सिद्धांत नाकारला आहे, आणि त्याचे कारणही दिले आहे: गरिबाच्या स्थितीला त्याचेच पूर्वकर्म जबाबदार धरले की राज्य आणि समाज मोकळे सुटतात. रेल्वेच्या कागदावरचे "स्वतःच्या चुकीने" आणि आईच्या तोंडचे "नशिबाने" यांत मला फारसा फरक दिसत नाही. दोन्हीकडे जबाबदार मोकळा सुटतो. बुद्धाने कारण शोधायला शिकवले. हे आहे म्हणून ते आहे. गाड्या कमी म्हणून गर्दी, गर्दी म्हणून दार, दार म्हणून मृत्यू. ही साखळी लिहून काढणे हेच आपले धम्मकार्य आहे.

म्हणून माझा प्रस्ताव साधा आहे. वाशिंदपासून कसाऱ्यापर्यंत लाइनलगतच्या प्रत्येक बुद्धविहारात रेल्वे अपघात मदतीसाठी चार जणांचा गट असावा. त्यात किमान एक बाई आणि एक शेजारच्या आदिवासी पाड्यातला तरुण, कारण गाडीतून पडताना जात पाहून कोणी पडत नाही, पण उपचारांना उशीर मात्र जात आणि पैसा पाहून होतो. विहाराच्या भिंतीवर वरचे फोन नंबर. एक फाइल, त्यात कोरे अर्ज. अपघात कळला की दोघे रुग्णालयात, दोघे पोलीस ठाण्यात. दर अपघाताची तारीख, गाडी, जागा एका वहीत. वर्षभराने ती वही घेऊन आपण गाड्या वाढवा, तिसरा मार्ग पुरा करा, स्टेशनवर रुग्णवाहिका द्या अशी मागणी करू, तेव्हा ते निवेदन निव्वळ निवेदन राहणार नाही. समीर झवेरी यांनी स्वतः रेल्वे अपघातात दोन्ही पाय गमावल्यावर न्यायालयात पाठपुरावा करून स्थानकांवरच्या रुग्णवाहिका आणि वैद्यकीय सोयींचा प्रश्न धसास लावला. एक माणूस एवढे करू शकतो. आपण तर चळवळ आहोत.

या १४ एप्रिलला मिरवणुकीच्या खर्चातून पाचशे रुपये बाजूला काढा आणि ती फाइल विकत आणा. आमच्या विहारातली वही सुरू झाली आहे. पहिल्या पानावर त्या मुलाची हकीकत आहे, आणि ती त्याने स्वतः, स्वतःच्या अक्षरात लिहिली आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!